शाळकरी मुलींमधला रक्तक्षय मोजायचा असेल तर : हजेरीपट, मोजणीचं टेबल आणि पुढचे उपचार

प्रश्न थोडक्यात असा आहे. साताऱ्यात सार्वजनिक आरोग्य विषयात पीएच.डी. करणाऱ्या एका संशोधिकेला सातारा आणि सांगली जिल्ह्यांतल्या पाचवी ते दहावीच्या मुलींमधला रक्तक्षय आणि त्यांची वाढ यांचा अभ्यास करायचा आहे. ओळखीतून वीस शाळा तयार झाल्या आहेत, हिमोग्लोबिन मोजायचं हातात मावणारं यंत्र मिळतंय, आणि डिसेंबर-जानेवारीत मोजमाप उरकायचा विचार आहे. त्यांनी विचारलंय : नमुना किती घ्यावा, आणि शेवटी कोणती संख्याशास्त्रीय कसोटी लावावी?

दोन्हींची उत्तरं खाली दिली आहेत. पण शाळेतला आरोग्य-अभ्यास सहसा या दोन जागी फसत नाही. मोजणीतून सुटलेल्या मुली आणि मोजणीचं टेबल, या दोन जागी फसतो. म्हणून आधी तेच सांगतो.

ओळखीतून मिळालेल्या शाळा बाजूला ठेवा. जे मुख्याध्यापक पहिल्या फोनला ‘या, करा’ म्हणतात त्यांच्या शाळेत पोषण आहार बहुधा वेळेवर शिजतो, लोहाच्या गोळ्या वाटल्या जातात आणि हजेरी चांगली असते. तिथला आकडा जिल्ह्याचा म्हणून मांडता येत नाही. यू-डायसची, म्हणजे शिक्षण खात्याच्या माहिती-नोंदणीतली, शाळांची यादी घ्या. तिच्यात प्रत्येक शाळेला अकरा अंकी क्रमांक असतो आणि इयत्तावार, मुलगे-मुली असा पट मिळतो. त्या यादीचे तीन स्तर करा : डोंगरी पट्टा (महाबळेश्वर, जावळी, पाटण, शिराळा), बागायती पट्टा (कराड, वाळवा, पलूस, मिरज वगैरे) आणि दुष्काळी पट्टा (माण, खटाव, आटपाडी, जत, कवठेमहांकाळ). उरलेले तालुके कुठे बसवायचे ते सिंचनाकडे बघून ठरवा, पण एकही शाळा निवडण्याआधी ठरवा आणि लिहून ठेवा. मग प्रत्येक स्तरातून पटाच्या प्रमाणात शाळा निवडा, म्हणजे मोठ्या शाळेला निवडलं जाण्याची संधी जास्त, आणि प्रत्येक शाळेतून सारख्याच संख्येनं मुली घ्या. असं केलं की एका स्तरातल्या प्रत्येक मुलीला निवडीची संधी जवळपास सारखी मिळते. जावळी-पाटणच्या डोंगरात पाचवी ते सातवीला मिळून दहा मुलीही नसलेल्या शाळा भेटतील. त्या वगळायच्या नाहीत. निवड करण्याआधीच एकाच केंद्रातल्या (एका केंद्रप्रमुखाच्या हाताखालच्या) शेजारच्या दोन-तीन शाळा जोडून त्यांचा एक गट धरा.

आता नमुना. प्रमाण ५० टक्के धरलं, चूक दोन्ही बाजूंना ५ टक्के चालणार असेल, तर साध्या सूत्रानं ३८४ मुली येतात. इथेच थांबणारे प्रबंध पुष्कळ आहेत, आणि ते चुकीचं आहे. एका शाळेतल्या मुली एकाच गावच्या, एकच पाणी पिणाऱ्या, एकाच स्वयंपाकघरातलं खाणाऱ्या असतात. विसाव्या मुलीकडून नवी माहिती फार थोडी मिळते. त्यासाठी ३८४ ला १ + (प्रति शाळा मुली – १) × शाळांतर्गत सहसंबंध (एका शाळेतल्या मुली एकमेकींसारख्या किती, याचं ० ते १ मधलं माप), या आकड्यानं गुणायचं. प्रति शाळा २० मुली आणि सहसंबंध ०.०५ धरला तर गुणक १.९५ येतो, म्हणजे ७४९ मुली. १५ टक्के गळती धरून ७४९ भागिले ०.८५, म्हणजे ८८१. म्हणजे ४५ शाळा आणि ९०० मुली. तिन्ही पट्ट्यांचे स्वतंत्र आकडे तेवढ्याच नेमकेपणानं हवे असतील तर हे तिप्पट होईल. एकट्या संशोधिकेला ते झेपणारं नाही. पट्टानिहाय आकड्याला ८-९ टक्क्यांची चूक मान्य करून ४५ शाळांवर राहावं, असं माझं मत आहे. वीस शाळांत ४५-४५ मुली घेऊनही ९०० भरतील, पण मग गुणक ३.२ होतो आणि मुली तेवढ्याच मोजून सुमारे साठ टक्केच फळ मिळतं.

यातला सगळ्यात मोठा धोका म्हणजे डिसेंबर-जानेवारी. ऊसतोडीचा हंगाम साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरला सुरू होतो आणि मार्च-एप्रिलपर्यंत चालतो. त्या काळात जत, आटपाडी, माणमधली बरीच कुटुंबं कोयता घेऊन बाहेर पडलेली असतात. काही मुली आई-वडिलांबरोबर जातात, काही आजीकडे राहून धाकट्यांना सांभाळतात. समजा, जतच्या एका गावात आठवीच्या वर्गात पटावर ३४ मुली आहेत आणि मोजणीच्या दिवशी हजर २७. त्यातल्या १० जणींना रक्तक्षय निघाला, म्हणजे ३७ टक्के. गैरहजर सातपैकी चौघी तोडीवर, एक आजारी, एक पाळी आली म्हणून घरी, एकीचं लग्न ठरल्याची कुजबुज. या सातपैकी पाच जणींना रक्तक्षय असेल तर खरं प्रमाण १५ भागिले ३४, म्हणजे ४४ टक्के. गैरहजेरी आणि रक्तक्षय यांची कारणं बरीचशी एकच असतात, त्यामुळे चूक बहुधा एकाच दिशेला होते. आकडा कमी येतो.

म्हणून निवड हजर मुलींतून न करता पटावरून करा. आदल्या आठवड्यात हजेरीपट घेऊन यादृच्छिक पद्धतीनं २० नावं काढा. गैरहजर मुलीच्या जागी दुसरी घ्यायची नाही. तिच्यासाठी आणखी दोनदा शाळेत जायचं आणि तरीही नाही भेटली तर कारण लिहायचं : ‘स्थलांतर’, ‘आजारी’, ‘शाळा सोडली’, ‘नकार’. प्रबंधात हा तक्ता छापा. जाणकार परीक्षक आधी तोच बघतो.

मोजणीचा काळ जुलै ते दिवाळी ठेवा. पूर्वेकडचे कोरडे तालुके जुलै-ऑगस्टमध्ये. महाबळेश्वर, पाटणच्या पावसात तेव्हा वीज जाते, रस्ते तुटतात, मुली भिजून येतात. तिथलं मुख्य काम सप्टेंबरच्या मध्यापासून करा. मात्र पूर्व म्हणजे पावसाळा आणि पश्चिम म्हणजे शरद, अशी गुंतागुंत होऊ नये म्हणून पश्चिमेकडच्या तीन-चार शाळा जुलैतच आणि पूर्वेकडच्या तेवढ्याच ऑक्टोबरमध्ये ठेवा. गणपतीचे दिवस, घटक चाचण्या आणि त्या गावचा आठवडी बाजार टाळा. कामाला उशीर होऊन डिसेंबर-जानेवारी गाठावाच लागला, तर पुसेगावची सेवागिरी महाराजांची यात्रा आणि मांढरदेवची काळूबाईची यात्रा या दिवसांत त्या भागातले वर्ग ओस असतात, हे लक्षात ठेवा. बीड-मराठवाड्यातून कराड-वाळव्याकडे येणाऱ्या टोळ्यांच्या मुली मात्र तुमच्या कुठल्याच पटावर नसतील. त्यांचा अभ्यास करायचा तर कारखान्याच्या तळावर जाऊन वेगळा करा, आणि जमत नसेल तर ‘हे निष्कर्ष पटावरच्या मुलींपुरते आहेत’ हे वाक्य शीर्षकाइतक्या ठळकपणे लिहा.

परवानग्यांचा क्रम : आधी संस्थेच्या नैतिकता समितीची मंजुरी, मग जिल्हा परिषदेत शिक्षणाधिकारी (प्राथमिक) आणि शिक्षणाधिकारी (माध्यमिक) अशी दोन वेगळी पत्रं, जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांना त्याची प्रत, त्यानंतर गटशिक्षणाधिकारी, केंद्रप्रमुख, मुख्याध्यापक. आश्रमशाळा निवडीत आल्या तर त्यांचा विभाग वेगळा, पत्रही वेगळं. दोन्ही जिल्हे मिळून याला तीन-चार महिने धरा.

मुख्याध्यापकांची परवानगी म्हणजे पालकांची संमती नव्हे. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे पालकाची लेखी संमती लागते आणि मुलीचीही लागते : बारा वर्षांपर्यंत तोंडी, त्यापुढे लेखी. ‘नको असेल तरच कळवा’ अशी चिठ्ठी बोट टोचण्याच्या अभ्यासाला चालत नाही. संमतीपत्र दप्तरातून घरी पाठवलं की बरीच पत्रं दप्तरातच राहतात. संध्याकाळी सहानंतर, रानातून माणसं परतल्यावर पालकसभा घ्या, आशाताईंना आधी सांगून ठेवा, आणि सुई, रक्ताचा थेंब, यंत्र सगळं समोर ठेवून दाखवा. ‘एवढं रक्त काढणार, आधीच पोरीच्या अंगात रक्त नाही’ ही शंका प्रत्येक गावात येते. थेंब पाहिला की ती बरीचशी मिटते. जतच्या पूर्व भागात कन्नड माध्यमाच्या शाळा आहेत. तिथे कन्नडमधलं संमतीपत्र आणि कन्नड बोलणारी प्रश्नकर्ती हवी. दुभाषाचं काम वर्गशिक्षकांना देऊ नका.

आता टेबल. वय शाळेच्या जनरल रजिस्टरवरून (प्रवेशाच्या नोंदवहीवरून) घेतलं जातं आणि तिथे १ जून ही तारीख संशयास्पद संख्येनं सापडते, कारण ती शाळाप्रवेशाच्या सोयीची आहे. झेड-स्कोअर, म्हणजे त्या वयाच्या संदर्भ-सरासरीपासून मुलगी किती प्रमाण विचलनं दूर आहे तो आकडा, महिन्यांतल्या वयावर काढतात. अकरा-बारा वर्षांची मुलगी वर्षाला सहा सेंटीमीटरच्या आसपास वाढते, म्हणजे वयात सहा महिन्यांची चूक झाली तर उंचीचा झेड-स्कोअर जवळपास अर्ध्यानं सरकतो. धडधाकट मुलगी खुजी ठरते, किंवा उलट. १ जून दिसला की जन्मदाखला किंवा लसीकरणाचं कार्ड मागा, नाही मिळालं तर ‘वय अंदाजे’ अशी खूण करा आणि विश्लेषण त्या मुलींसह आणि त्यांच्याशिवाय, असं दोनदा करा.

उंचीसाठी भिंतीला चिकटवलेली टेप नको, स्टॅडिओमीटरच (सरकत्या पट्टीचं उंची मोजायचं उभं साधन) हवा. शहाबादी फरशी आणि सारवलेली जमीन दोन्ही सपाट नसतात. जाड प्लायवूडचा तुकडा आणि पातळी बघायची बुडबुड्याची नळी बरोबर ठेवा. बूट-मोजे काढलेले, टाचा, पार्श्वभाग आणि खांदे टेकलेले, नजर सरळ. दोन वेण्या वर बांधून रिबिनीची फुलं केलेली असतात. पट्टी त्यावर टेकली तर सेंटीमीटरभर उंची फुकट वाढते. रिबीन सोडायला सांगा, आणि परत बांधून द्यायला एक बाई हवी, नाहीतर मुली रांगेत येणार नाहीत. उंची ०.१ सेंटीमीटरपर्यंत दोनदा मोजा, दोन्हींत अर्ध्या सेंटीमीटरहून जास्त फरक आला तर तिसऱ्यांदा. वजनकाटा रोज सकाळी ठरावीक वजन ठेवून तपासा. आठवड्याच्या शेवटी प्रत्येक मोजणाऱ्याच्या नोंदींचे शेवटचे अंक बघा. ० आणि ५ मिळून साधारण २० टक्के यायला हवेत. ४० टक्के आले तर तो माणूस अंदाजानं लिहितोय. त्याला पुन्हा शिकवा, आणि त्या आठवड्याच्या मुली पुन्हा मोजा.

हिमोग्लोबिनसाठी बोटातलं रक्त की शिरेतलं, हा प्रश्न गंभीर आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातल्या १५ ते १९ वयाच्या मुलींमधला रक्तक्षय ५९ टक्के निघाला, तर सर्वंकष राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात (२०१६-१८) १० ते १९ वयाच्या मुलींमध्ये ४० टक्के. वयोगट थोडा वेगळा आहे, पण पहिल्यात बोटाचा थेंब आणि दुसऱ्यात शिरेतलं रक्त होतं, हा फरक मोठा आहे. जागतिक आरोग्य संघटनेनंही २०२४ च्या मार्गदर्शनात शिरेतलं रक्त आणि स्वयंचलित यंत्र यांनाच पसंती दिली आहे. पैसा असेल तर सगळ्यांचं २ मिली रक्त जांभळ्या बुचाच्या ईडीटीए नळीत (यात रक्त गोठत नाही) घ्या, नळी न झटकता आठ-दहा वेळा हलकेच उलटी-सुलटी करा, आणि त्याच दिवशी मिरज, कराड किंवा साताऱ्याच्या प्रयोगशाळेत पोचवा. तेच रक्त वापरून एमसीव्ही (लाल पेशींचा सरासरी आकार) आणि लाल पेशींची संख्याही मिळते, म्हणजे लोहाची कमतरता की थॅलेसेमियाचा वाहक अंश, याचा पहिला अंदाज बांधता येतो.

पैसा नसेल तर बोटाचा थेंब घ्या, पण दर दहाव्या मुलीचं शिरेतलं रक्तही घ्या आणि दोन्हींतला फरक प्रबंधात दाखवा. थेंबात चुका ठरलेल्या असतात. स्पिरिट वाळायच्या आत टोचलं की थेंब पातळ होतो. बोट दाबून रक्त काढलं की पेशीबाहेरचं पाणी मिसळतं आणि आकडा खोटा खाली येतो. मधल्या किंवा अनामिकेच्या टोकाला थोडं बाजूला टोचा, पहिले दोन थेंब कोरड्या कापसानं पुसा, तिसरा मोठा थेंब एकाच दमात क्युव्हेटमध्ये (यंत्रात घालायच्या छोट्या पारदर्शक पट्टीत) भरा. आत हवेचा बुडबुडा दिसला तर क्युव्हेट टाकून द्या, पुन्हा भरायची नाही. डोंगरातल्या थंड सकाळी हात गार असतील तर आधी कोमट पाण्यात धरायला लावा. यंत्र रोज नियंत्रण-द्रावणावर (हिमोग्लोबिनचा आकडा आधीच ठाऊक असलेल्या द्रावणावर) तपासा आणि आकडा वहीत लिहा. सुया छिद्र न पडणाऱ्या पांढऱ्या डब्यात, रक्ताचा कापूस पिवळ्या पिशवीत, आणि दोन्ही त्याच संध्याकाळी प्राथमिक आरोग्य केंद्रात पोचते झाले पाहिजेत. शाळेच्या कचराकुंडीत काही राहता कामा नये.

यानंतरची गोष्ट या दोन जिल्ह्यांत विशेष महत्त्वाची आहे : समुद्रसपाटीपासूनची उंची. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४ च्या मार्गदर्शनाप्रमाणे ५०० ते ९९९ मीटरवर मोजलेल्या हिमोग्लोबिनमधून ०.४ आणि १००० ते १४९९ मीटरवर ०.८ ग्रॅम वजा करायचे (इथले सगळे आकडे १०० मिली रक्तामागे ग्रॅम असे आहेत). जुन्या पद्धतीत वजाबाकी १००० मीटरपासून सुरू व्हायची आणि तीही ०.२ ग्रॅमच. सातारा आणि सांगली दोन्ही शहरं पाचशेच्या वर आहेत, पाचगणी-महाबळेश्वर हजाराच्या बरंच वर. पाचगणीतली तेरा वर्षांची मुलगी घ्या, हिमोग्लोबिन १२.३. तिच्या वयाला रक्तक्षयाची सीमा १२.०. काहीच वजा केलं नाही तर ती ठीक, जुन्या वजाबाकीनं १२.१ म्हणजे ठीक, नव्या वजाबाकीनं ११.५ म्हणजे रक्तक्षय. मुलगी तीच, रक्त तेच. म्हणून प्रत्येक शाळेची उंची जीपीएसवर नोंदवा, आणि जुन्या अभ्यासांशी तुलना करताना दोन्ही पद्धतींचे आकडे शेजारी-शेजारी द्या. सीमाही वयाप्रमाणे बदलते : ५ ते ११ वर्षांना ११.५, १२ वर्षांपासून पुढे मुलींना १२.०. तीव्र रक्तक्षय म्हणजे या सगळ्या वयांत ८.० च्या खाली. नुसती टक्केवारी न देता सरासरी आणि पूर्ण विभागणीही छापा.

खाण्याचे प्रश्न विचारताना ‘पालेभाजी खातेस का?’ असं विचारलं की सगळ्या हो म्हणतात. कालच्या चोवीस तासांत सकाळपासून काय काय खाल्लं, ते क्रमानं विचारा. सोमवारी विचारलं तर रविवारचं मटण येईल, म्हणून वार वाटून घ्या. चहा कधी घेतला हे विचारायला विसरू नका, जेवणावर लगेच घेतलेला चहा लोहाचं शोषण अडवतो. पाळीबद्दलचे प्रश्न बाईनंच, वेगळ्या खोलीत, शिक्षक नसताना विचारायचे. लोहाच्या गोळ्यांबाबत रजिस्टरवर विसंबू नका. साप्ताहिक गोळी सहसा सोमवारी असते : पाचवीपर्यंत कमी मात्रेची गुलाबी, सहावीतल्या मुलींपासून पुढे निळी, ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिडची. गेल्या चार सोमवारी किती गिळल्या ते मुलीलाच विचारा, आणि शाळेतला साठा मोजून ताडून बघा. उपाशीपोटी गोळी घेऊन एकीला मळमळलं की अख्खा वर्ग गोळी खिडकीतून टाकतो. पोषण आहार आठवीपर्यंतच असतो, त्यामुळे नववी-दहावीच्या मुली रिकाम्या पोटी गोळी घेण्याची शक्यता जास्त. हा फरक तुमच्या आकड्यांत शोधण्यासारखा आहे.

उपचारांची सोय लागल्याशिवाय पहिलं बोटही टोचू नका. मंजुरीच्या अर्जातच लिहा : ८.० च्या खाली आलेल्या मुलीच्या पालकांना त्याच दिवशी फोन आणि वैद्यकीय अधिकाऱ्यांकडे चिठ्ठी, बाकीच्यांची यादी आठवड्याच्या आत प्राथमिक आरोग्य केंद्राला आणि राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाला. हे पथक वर्षातून एकदा प्रत्येक शाळेत येतंच, त्यांच्या फेरीशी तारखा जुळवून घ्या. आकडा वर्गात मोठ्यानं वाचायचा नाही. प्रत्येकीला बंद पाकिटात मराठीत किंवा कन्नडमध्ये चार ओळी द्या : आकडा, अर्थ, कुठे जायचं, कधी. महिन्यानं फोन करून कितीजणी पोचल्या ते नोंदवा. आपण ज्या मुलीचं रक्त घेतलं तिला गोळ्या मिळाल्या की नाही, हे ठाऊक नसताना तिचा आकडा तक्त्यात मांडणं मला मान्य नाही.

रक्तक्षय असलेल्या मुलींना तीन महिने गोळ्या देऊन ‘आधी-नंतर’ दाखवायचा मोह होईल. उपचार जरूर द्या, पण त्यावरून परिणाम सिद्ध करू नका. सीमेच्या खालच्या म्हणून निवडलेल्या मुलींत काहीजणी त्या दिवशी मोजणीच्या चुकीनं खाली आलेल्या असतात. पुन्हा मोजल्यावर, काहीही न देता, त्या गटाची सरासरी वर सरकते. परिणामच मोजायचा तर शाळांची चिठ्ठ्या टाकून दोन गटांत विभागणी करावी लागेल, आणि तो वेगळा अभ्यास आहे.

राहिली कसोटी. साधी काय-वर्ग कसोटी वापरू नका, ती प्रत्येक मुलीला इतर मुलींपासून स्वतंत्र मानते. शाळा हा यादृच्छिक घटक धरणारं, म्हणजे एका शाळेतल्या मुलींचं साम्य हिशेबात घेणारं, बहुस्तरीय प्रतिमान घ्या, स्तरांचे भार लावा. रक्तक्षय एवढा सर्रास असताना ऑड्स रेशो (असण्या-नसण्याच्या शक्यतांचं गुणोत्तर) संबंध फुगवून दाखवतो, त्याऐवजी सुधारित पॉयसन पद्धतीनं प्रमाणांचं गुणोत्तर, म्हणजे एका गटातलं प्रमाण दुसऱ्याच्या किती पट, ते काढा. वाढीसाठी जागतिक आरोग्य संघटनेचे २००७ चे ५ ते १९ वयाचे संदर्भ वापरा. उंचीचा झेड-स्कोअर उणे ६ ते अधिक ६ च्या बाहेर, किंवा बीएमआयचा उणे ५ ते अधिक ५ च्या बाहेर गेला तर ती नोंद खोडण्याआधी मूळ कागद बघा, बहुतेकदा उंचीतला एखादा अंक उलटा पडलेला असतो. आणि तुमच्या अभ्यासातून प्रत्यक्ष शाळांतर्गत सहसंबंध किती आला तो आकडा छापा. माण-खटावमध्ये पुढचा अभ्यास आखणाऱ्याला ०.०५ असं गृहीत धरावं लागणार नाही.